कान एकदम शाबूत

॥ श्री ॥
मल्हारगंज, इंदूर
९ फेब्रुवारी १९९४

ती. दिनादादास कमलचा सा. न. वि. वि.

तुझं संक्रांतीचं पत्र मिळालं. उत्तराला उशीर झाला, रागावू नकोस. घरात लिहिण्यासारखं काही होत नाही, आणि जे होतं ते लिहावंसं वाटत नाही.

मिल बंद होऊन दोन वर्षं झाली. गेटाला कुलूप आहे. तरी हे रोज साडेसहाला डबा घेऊन निघतात. मी भरून देते, कारण नाही दिला तर रिकाम्या हाताने निघतात, ते बघवत नाही. गेटासमोर चहाची गुमटी आहे. तिथे यांच्या लूम खात्यातले दहा-बारा जण बसून राहतात. भोंग्याचा टाइम झाला की सगळे उठतात, आणि मग परत बसतात. दुपारी डबा जसाच्या तसा घरी येतो.

मागच्या महिन्यात त्यांच्यातले कृष्णराव कृष्णपुऱ्याला होळकरांच्या छत्र्यांपाशी मरून पडलेले मिळाले. बाजूला विषाची शीशी होती. यांनी आणि त्यांनी बावीस वर्षं शेजारी-शेजारी साचे चालवले. हे स्मशानात जाऊन आले, आणि तेव्हापासून एक अक्षर बोलत नाहीत. दादा, सच सांगते, मला भीती वाटून राहिली आहे. संध्याकाळी हे दरवाज्यात दिसेपर्यंत माझं कशात लक्ष लागत नाही. रजत कॉलेज सोडून दुकानात लागतो म्हणतोय, निधी दहावीला आहे. त्या दोघांना मी काय सांगू?

तू लिहिलं होतंस की तुमच्या तोफबागेत एक माणूस पाहिजे. यांना बोलावून घे. पगार किती, ते मी विचारत नाही. यांना रोज कुठे तरी हजर व्हायचं आहे, बस इतकंच. शिवाय माझे सासरे, तुकोजी, होळकरांच्या फौजेत होते, लढाईच्या टायमाला महूहून कुठल्याशा समुद्रावर तोफेवर गेले होते. कुठला समुद्र ते घरात कोणाला ठाऊक नाही. तोफेचं नाव काढलं तेव्हा यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. महिन्याभरात पहिल्यांदा.

शांतावहिनींना नमस्कार. लवकर लिही.

तुझी,
कमल


॥ श्री ॥
खारवडी बंदर, जि. रत्नागिरी
२० फेब्रुवारी १९९४

चि. सौ. कमल हिस अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून शांता रडली. मी रडलो नाही, पण जेवलोही नाही. तुझी आई, माझी मावशी, असती तर तिनं मला खडसावलं असतं, की बहिणीची खबर घ्यायला तुला दोन वर्षं का लागली म्हणून.

तू लहानपणी इथं आली होतीस, समुद्र बघून ‘केवढा मोठा तलाव’ म्हणाली होतीस. त्या तलावातच ही बाग आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या वेळी इंग्रजांनी पाण्यातल्या कातळावर दोन तोफा बसवल्या आणि दारूगोळ्याची कोठारं बांधली. तोफा शत्रूवर एकदाही उडाल्या नाहीत, नुसता सराव चालायचा. आता सरकारनं किनाऱ्यावर झोपाळे, होड्या आणि राहायला तंबू केले आहेत. लोक पोरांना तोफेवर बसवून फोटो काढतात. मी इथला मुकादम.

कातळापर्यंत दोनशे पावलांची दगडी वाट आहे. ओहोटीला कोरडी असते, भरतीला माणूसभर पाण्याखाली जाते. पाणी चढायला लागायच्या अर्धा तास आधी मी किनाऱ्यावरून भोंगा फिरवतो. तोही लढाईतलाच, हातानं फिरवायचा. तो ऐकला की कातळावरच्या रखवालदारानं सगळ्यांना घेऊन परत यायचं. काम म्हणजे एवढंच, पण चुकून चालत नाही. आधीचा म्हातारा कानानं गेला होता. गेल्या वर्षी चार माणसं छातीएवढ्या पाण्यातून ओढून आणावी लागली. दुसऱ्या दिवशी त्याला काढलं.

म्हणून राग न मानता सांग, हरीरावांचे डोळे आणि कान नीट आहेत ना? साच्यांवर राहिलेल्यांचे कान जातात असं मी ऐकतो. साहेबांना मला उत्तर द्यावं लागेल. नीट असतील तर होळीआधी पाठवून दे, जेवण्याखाण्याची काळजी करू नकोस.

तुझा,
दिनादादा


॥ श्री ॥
मल्हारगंज, इंदूर
३ मार्च १९९४

ती. दिनादादास सा. न.

तुझं पत्र मी मोठ्याने वाचून दाखवलं. हे ऐकत होते. दोन तोफा म्हटल्यावर म्हणाले, बाबा पण दोन सांगायचे.

यांचे कान एकदम शाबूत आहेत. डोळे तर माझ्याहून चांगले. बाहेर भाजीवाल्याने आवाज दिला तर आधी हेच उठतात. फक्त मोठ्याने बोलायची सवय आहे, ती सगळ्याच मिलवाल्यांना असते. साच्यांच्या खडखडाटात हळू बोलून चालत नाही ना. तू साहेबांना बेफिकीर सांग.

हे बारा तारखेच्या गाडीने निघतील. सोबत शेव आणि जिरावन पाठवते, शांतावहिनींना पोह्यांवर घालायला सांग. काल यांनी स्वतः हजामत केली आणि रजतला विचारलं, समुद्रावर बूट चालतात का चप्पल. रजत हसला. दादा, किती दिवसांनी आमच्या घरात कोणी हसलं. तुझे उपकार मी विसरणार नाही.

तुझी,
कमल


॥ श्री ॥
खारवडी बंदर
१८ एप्रिल १९९४

चि. सौ. कमल हिस अ. आ.

हरीराव मजेत आहेत. इतके मजेत की मला थोडा त्रासच होतो. मी सातला येतो तर हे साडेसहाला हजर असतात. तोफांना तेल घालून, कोठारं झाडून, बाकं पुसून बसलेले असतात. या तोफा पन्नास वर्षांत कुणी पुसल्याच नसतील अशा नजरेनं बघतात. तुझे सासरे याच कातळावर होते असं त्यांनी ठरवून टाकलंय. मी म्हटलं, असा किनारा शेकडो कोस आहे. तर म्हणाले, दिनानाथजी, बाबांनी डावीकडे नारळाची झाडं आणि उजवीकडे देऊळ सांगितलं होतं. आता तूच सांग, नारळाची झाडं आणि देऊळ कुठल्या किनाऱ्यावर नाही?

त्यांची एक युक्ती सांगतो. पँटीच्या बटणाच्या खिशात खडे ठेवतात. माणूस वाटेवरून कातळावर आला की डाव्या खिशातला एक खडा उजव्या खिशात. माणूस परत गेला की खडा परत डावीकडे. उजवा खिसा रिकामा झाल्याशिवाय स्वतः कातळ सोडत नाहीत. मिलमध्येही पाळी सुटताना शेवटचा माणूस बाहेर पडेस्तोवर हे जागचे हलत नसत म्हणे. चार रखवालदार झाले, पण असा माणूस मी पाहिला नाही.

भोंगा तर त्यांना माझ्याआधी कळतो. हँडलचा पहिला फेरा झाला न झाला की तिकडे हात वर होतो. मात्र पाठीमागून हाक मारली तर वळत नाहीत. आपल्याच विचारात असतात बहुतेक. बोलताना माझ्या तोंडाकडे टक लावून बघतात, शांता त्यामुळे लाजते.

पावसाळ्यात बाग बंद असते, पण रंगकामाला त्यांना ठेवून घेतोय. तू निश्चिंत राहा.

तुझा,
दिनादादा


॥ श्री ॥
खारवडी
२० नोव्हेंबर १९९४

सौ. कमल हिस,

हे पत्र पोरांना दाखवू नको. वाचून फाडून टाक.

दिवाळीपासून सरकारने बाग मुंबईच्या कुठल्या कंपनीला चालवायला दिली आहे. नवे तंबू, नव्या होड्या, इंजिनवाल्या. कंपनीचे साहेब म्हणाले, भोंग्याने पाहुण्यांची झोप मोडते, पोरं घाबरतात. भोंग्यावर पत्र्याची पेटी बसवून कुलूप ठोकलं. आता दिनानाथजींना शिट्टी दिली आहे.

कमल, शिट्टी मला ऐकू येत नाही. भोंगा मला पोटात ऐकू येत होता, मिलचा यायचा तसाच. शिट्टी बारीक पडते. बारीक आवाज सगळे गेले आहेत, तुला माहीत आहे. निधी काय बोलते ते मी तिच्या ओठावरून समजून घेतो, तिचा आवाज कसा आहे ते मला आता आठवत पण नाही. तिला हे कधी सांगू नको.

मी दिनानाथजींना सगळं सांगून टाकलं. मला वाटलं, ते मला परत पाठवतील. ते म्हणाले, हरीराव, मला पहिल्याच आठवड्यात समजलं होतं. म्हणाले, चूप बसा. कंपनी जुनी चारच माणसं ठेवणार आहे, त्यात आपण दोघं आहोत. शिट्टी मारताना मी लाल फडकं पण हलवीन, तुम्ही किनाऱ्याकडे बघत राहा. तर मी बघत राहतो. घड्याळ पण बघतो. फक्त पाठ फिरली की मी गेलो समज.

फिकर करू नको. हे लिहितोय कारण तुझ्यापासून लपवून काम केलं तर जेवण गोड लागत नाही. इथे मला बरं वाटतं. सकाळी तोफेला टेकून चहा पितो. तोफेने बाबांचे कान नेले, साच्यांनी माझे, मग एवढा मोठा समुद्र आमच्या दोघांसाठी चूपच आहे, असं मनात येतं आणि हसू येतं.

होळीला घरी येतो. रजतला सांग कॉलेज सोडू नको.

हरी


खारवडी
२७ जानेवारी १९९५

चि. कमल हिस,

तार करून मी तुला कळवलं, सविस्तर लिहायला आज बसलो. रजत इथं येऊन सगळं करून गेला. शव दोन दिवस पाण्यात राहिलेलं, आणखी थांबवता येत नव्हतं, म्हणून तुझी वाट पाहिली नाही. पोरगा शहाणा आहे, एकदाही खचला नाही.

काय झालं ते मी त्याला थोडक्यात सांगितलंय, तुलाही सांगतो. पंधरा तारखेचा रविवार, संक्रांतीची सुट्टी जोडून आलेली. दुसऱ्या दिवशी पौर्णिमा, तेव्हा पाणीही उधाणाचं. सकाळी नऊच्या सुमारास हरीरावांनी सगळ्यांना किनाऱ्यावर आणलं, आणि मग एकटेच परत कातळाकडे निघाले. मी शिट्टी मारली. त्यांनी ऐकली. थांबून मागं बघितलं आणि पुढं चालू लागले. त्यानंतर आमच्या हातात काही राहिलं नाही.

पंचनाम्यात दोन्ही खिशांत दगड असल्याचं लिहिलंय. कंपनीच्या साहेबांनी विचारलं, माणसाला ऐकू कमी येत होतं का? मी तुझं गेल्या मार्चमधलं पत्र दाखवलं. त्यात तूच लिहिलं होतंस, कान एकदम शाबूत आहेत. ते त्यांनी कागदांना जोडून घेतलं. मिल गेल्यापासून ते खचले होते हे रजतनंही सांगितलं. माणसाच्या मनात काय चाललेलं असतं ते वरून कळत नाही. मन घट्ट कर. पोरांकडे बघ.

वाचून झाल्यावर पत्र फाडून टाकावं.

दिनानाथ


मल्हारगंज, इंदूर
११ फेब्रुवारी १९९५

दिनादादा,

पत्राच्या डोक्यावर तू श्री लिहिलं नव्हतंस आणि माझ्या नावामागचं सौ. काढून टाकलं होतंस. रीत आहे, मला माहीत आहे. पण रीत इतकी सांभाळलीस तर बाकीचं का नाही सांभाळलंस?

आता माझ्या घरात काय चाललंय ते ऐक. तेराव्याला लोक आले आणि जाताना दरवाज्यात हळूच म्हणून गेले, कृष्णरावांसारखंच झालं. रजत परत आल्यापासून डोळ्याला डोळा देत नाही. परवा निधी रडत होती तर तिला म्हणाला, रडते कशाला, बाबा आपल्याला सोडून स्वतःच्या पायाने गेले. तेव्हापासून तीही रडायची थांबली आहे. यांचा फोटो भिंतीला लावला होता, तो कोणी तरी उतरवून कपाटात ठेवला. दोघांपैकी कोणी ठेवला, मी विचारलं नाही.

आणि मी पण मानलं, दादा. पाच दिवस मी पण तेच मानलं. मला वाटलं, मी यांना मरणातून काढून मरणातच पाठवलं. मग मी डब्यातून यांचं नोव्हेंबरचं पत्र काढलं. फाडायला सांगितलं होतं, फाडलं नव्हतं. नवऱ्याचं पत्र कोण फाडतं? त्याची नक्कल सोबत पाठवते. वाच. त्यात तुझं नाव आहे.

ज्याला शिट्टी ऐकू येत नाही, तो शिट्टी ऐकून मागे कसा बघेल?

खडे कशाचे होते ते तूच मला कौतुकाने लिहिलं होतंस. ते पत्र पण माझ्याकडे आहे. पंचनामा लिहिणाऱ्याला तू का नाही सांगितलंस? सरकारी माणूस खिशातले दगड बघून जे समजायचं ते समजला, आणि तू बाजूला उभा राहून समजू दिलंस.

माझं पाप मी लपवत नाही. त्या तीन मार्चला मी तुला लिहायला बसले होते, हे समोर खिडकीपाशी पाठ करून बसले होते. निधीने मागून येऊन तीनदा म्हटलं, बाबा, चहा. हे हलले नाहीत. तिने कप त्यांच्या हाताला लावला तेव्हा वळले. ते सगळं बघत मी लिहिलं की कान एकदम शाबूत आहेत. सासऱ्यांचे कान गेले म्हणून त्यांना तोफेवरून काढून घरी पाठवलं होतं, ते मरेपर्यंत कोपऱ्यात बसून राहिले. हे तसे बसू नयेत म्हणून मी खोटं लिहिलं. तो कागद आता यांच्याच विरुद्ध लावला आहे. माझ्या अक्षरात.

मी तुमच्या साहेबांना हे लिहून द्यायला तयार आहे. मला जे म्हणायचं ते म्हणू देत. पण पोरांचा बाप त्यांना टाकून गेला, हे मी राहू देणार नाही. तू तिथे होतास. त्या दिवशी खरं काय झालं ते लिही. मला नको सांगू, मला तुझं तोंड बघायचं नाही. रजतला सांग.

कमल


खारवडी
२ मार्च १९९५

चि. कमल,

तुझं पत्र दोन आठवडे उशाखाली आहे. शांतानं वाचलं. त्या दिवसापासून ती मला वाढते, पण समोर बसत नाही.

हे पत्र रजतसाठी लिहितोय, तू वाचून दाखव.

त्या दिवशी कातळावर बत्तीस माणसं गेली होती. हरीरावांनी घड्याळ बघून वेळेवर सगळ्यांना हाकललं. वाटेवरून एकतीस आली. गर्दी एवढी की त्या दिवशी खडे त्यांना चालता चालताच सरकवावे लागले; शेवटी ते आले आणि उजवा खिसा चाचपून मला म्हणाले, दिनानाथजी, एक राहिला. मी काही बोलायच्या आत वळून निघाले. पाणी तेव्हा घोट्याएवढं होतं.

ते पन्नासेक पावलं गेले असतील, तेवढ्यात कंपनीची इंजिनवाली होडी धक्क्याला लागली. तिच्यातून एक कॉलेजातला मुलगा उतरला. पलीकडच्या अंगानं हौसेनं होडीत बसून आला होता. तोच बत्तिसावा. कातळावर आता कोणी नव्हतं.

मी शिट्टी मारली. लाल फडकं हलवलं. त्यांची पाठ होती, कमल. पाठ फिरली की मी गेलो, असं त्यांनी तुला लिहिलंय, ते मला शब्दाशब्दानं माहीत होतं. होडीवाल्यानं इंजिन बंद करून टाकलं होतं, ते पुन्हा चालू व्हायला तयार नव्हतं. भोंगा माझ्यापासून तीन पावलांवर होता आणि पेटीची किल्ली माझ्याच कमरेला होती. साहेब पाहुण्यांबरोबर तंबूपुढं नाश्ता करत होते. माझ्या मनात आलं, भोंगा वाजवला तर साहेब विचारतील कशाला वाजवला. मग सांगावं लागेल की या माणसाला शिट्टी ऐकू येत नाही. मग विचारतील, तुला कधीपासून माहीत आहे? एवढा विचार करायला किती वेळ गेला ते मी आजही सांगू शकत नाही. तेवढा वेळ मी शिट्टीच मारत राहिलो. ज्याला ऐकू येत नाही हे मला ठाऊक होतं, त्याला.

पाणी त्यांच्या गुडघ्यापर्यंत चढलेलं दिसलं तेव्हा मी कुलूप काढलं आणि भोंगा फिरवला.

पहिल्याच फेऱ्याला ते वळले. रजत, तुझे बाबा तिथल्या तिथं वळले. मला बघून नेहमीसारखा हात वर केला आणि परत यायला लागले. भराभर येत होते, पाण्यातून पाय उचलून उचलून, किनाऱ्याकडे. वाटेच्या मधोमध खोलगट जागा आहे, तिथं मोठी लाट आडवी आली. त्यांना पोहता येत नव्हतं. मी पाण्यात गेलो होतो, छातीपर्यंत गेलो, पुढं जाववलं नाही. आणखी दोन मिनिटं आधी भोंगा वाजला असता तर त्यांनी ती जागा ओलांडली असती. ती दोन मिनिटं माझी आहेत.

भोंगा वाजला ही गोष्ट साहेबांनी जबाबात येऊ दिली नाही आणि मीही येऊ दिली नाही. पंचनाम्याच्या वेळी मी समोर होतो. डाव्या खिशात एकतीस खडे निघाले, उजव्यात एक. लिहिणाऱ्यानं ‘दोन्ही खिशांत दगड’ असं लिहिलं आणि खडे तिथंच वाळूत टाकले.

परवा मी तालुक्याच्या पोलीस ठाण्यात जाऊन हे सगळं सांगितलं. तुझी सगळी पत्रं बरोबर नेली होती. ते म्हणाले, प्रकरण मिटलंय, आता कागद उघडत नाहीत. अर्जही ठेवून घेतला नाही. संध्याकाळी बागेतून निरोप आला, उद्यापासून येऊ नका. ज्यासाठी गप्प बसलो ते हे असं गेलं.

तेव्हा सरकारदरबारी मी काही करू शकलो नाही. माझ्या सहीचा एवढा एक कागद तुमच्यापाशी राहील. हा फाडू नका.

दिनानाथ


मल्हारगंज, इंदूर
१२ मार्च १९९५

दिनादादा,

पत्र पोचलं. मागच्या वर्षी आजच्याच तारखेला हे इथून निघाले होते.

दोघांना समोर बसवून मी वाचलं. रजत जमिनीकडे बघत होता. ‘पहिल्याच फेऱ्याला ते वळले’ इथपर्यंत आले तर म्हणाला, आई, परत वाच. मी परत वाचलं. म्हणाला, अजून एकदा. तिसऱ्यांदा वाचताना माझ्याने पुढे वाचवेना, तर निधीने कागद घेतला आणि तिने वाचलं, अगदी मोठ्याने, तिच्या बाबांशी बोलायची तितक्या मोठ्याने. मग रजत रडला. एवढा मोठा पोरगा, माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडला. फोटो त्यानेच कपाटातून काढून परत भिंतीला लावला.

माफीचं तू लिहिलं नाहीस, बरं केलंस. ती माझ्याजवळ नाही. तुझ्यासाठी नाही आणि माझ्यासाठी पण नाही. मी खोटं लिहिलं, तू खरं लपवलंस, आणि मधल्या पाण्यात हे एकटे होते, जो तिथे नव्हताच त्या माणसाला शोधून राहिले होते.

यापुढे पत्र लिहू नकोस. फक्त एक काम कर. खडे वाळूत टाकले म्हणालास. त्यातला उजव्या खिशातला कोणता ते आता ओळखू येणार नाही, मला समजतं. तू कुठलाही एक उचल आणि पाठवून दे. रजत म्हणतो, तो आपण बाबांच्या डाव्या खिशात घालू. त्यांचा मिलचा शर्ट अजून खुंटीला आहे.

कमल